शेत पडीक राहील का?

स्पोकेन,
१२ मार्च १९६७

प्रिय हार्म,

हे पत्र लाव्हॉनला वाचायला दिलंस तर चालेल, पण मुलींच्या हाती लागू देऊ नकोस. तुझी थोरली लगेच मर्लला जाऊन सांगेल की आत्या रडत होती, आणि मी अजून रडलेले नाही.

मर्लचं काल पत्र आलं. डुकरिणीला झालेल्या पिल्लांची सगळी हकीकत सांगून झाल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत त्याने लिहिलंय की लष्कराचं भरती बोर्ड त्याची शेतीसाठीची सवलत काढून त्याला युद्धावर पाठवायचं म्हणतंय आणि चार एप्रिलला त्याला कोर्टाच्या इमारतीत बोलावलंय. हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. त्या बोर्डावर पाच माणसं आहेत आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे, की मी निघून आल्यावर तेही बदललं?

तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते. हिनरिक गेला तेव्हा मर्ल सोळा वर्षांचा होता. बापाला नांगराशेजारी आडवं पडलेलं त्यानेच पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात उरलेलं शेत त्यानेच नांगरलं. मी रेल्वेतल्या जेराल्डशी लग्न करून इकडे यायला निघाले तेव्हा त्याला किती विनवलं. तो म्हणाला, "आई, तू जा. रेल्वेला पेरणी लागत नाही, मला लागते." आता तो त्या घरात एकटा झोपतो आणि तुमच्या टेबलावर जेवतो. तुला मुलगा नाही आणि त्याला बाप नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

तुला फक्त एक वाक्य बोलायचं आहे. मर्ल गेला तर त्या एकशेसाठ एकरांत पेरायला कोणी नाही, एवढंच सांग. सवलत त्याच माणसाला मिळते ना, ज्याच्यावाचून शेत अडतं? मग तेवढं एक वाक्य बोल.

त्रेचाळीस साली हिनरिक अशाच सवलतीवर घरी राहिला होता आणि तो भित्रा आहे असं हिणवायला आमच्या पत्रपेटीत कोणी तरी कोंबडीची पिसं टाकली होती. तू तेव्हा पलटणीत होतास. परत आल्यावर तू त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, पण माझ्या ते लक्षात आहे.

तुझी बहीण,
टेना


वेलरिज,
१९ मार्च १९६७

प्रिय टेना,

पत्र मिळालं. लाव्हॉनने वाचलं, मुलींनी नाही.

तुला कळवलं नाही कारण कळवण्यासारखं काही होईल असं वाटलं नव्हतं. या बोर्डावर बसल्यापासून गावात माझी किंमत सांडासारखी झालीय, सगळे लांबून बघतात आणि वाट सोडतात. या उन्हाळ्यापर्यंत आपल्या काउंटीतून सैन्याला चार पोरं द्यायची आहेत. सवलतीवर एकोणीस आहेत. म्हणून सगळ्यांची पुन्हा चौकशी होणार, एकट्या मर्लची नाही.

आणि एक नियम तुला माहीत असावा. मी त्याचा मामा आहे, त्यामुळे त्याचं नाव निघालं की मला उठून बाहेर जावं लागतं. मत उरलेले चौघे देणार. पण शेजारी म्हणून, त्याच्या शेताची माहिती असलेला माणूस म्हणून ते मला आत बोलावू शकतात. बोलावतील असं अध्यक्ष म्हणाला. अध्यक्ष आपला वेंडेल पॉपेन आहे, तुमच्या पूर्वेच्या कुंपणापलीकडचा. वेंडेल परका नाही.

मर्ल बरा आहे. या वर्षी तो टेकडीवरच्या तुकड्यात मका घालणार, म्हणजे रविवारी चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची सरळ तासं, एकूण एक ओळ, दिसतील. मी म्हटलं, देव तासं बघत नाही. तो म्हणाला, देव नाही बघत, पण पॉपेनच्या मुली बघतात.

थंडी अजून आहे. माझ्या डाव्या पायाची नसलेली तीन बोटं दुखतात. युद्धात बेल्जियमच्या बर्फात गळाली त्याला बावीस वर्षं झाली, तरी हवा बदलायची असली की मला आधी तीच कळवतात.

काळजी करू नकोस.

हार्म


वेलरिज,
९ एप्रिल १९६७

प्रिय टेना,

फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहितो.

चौघांनीही सवलत काढायच्या बाजूने हात वर केला. मी मत दिलं नाही. मी जिन्यात उभा होतो. मर्लला जूनमध्ये सैन्यात हजर व्हायचंय, म्हणजे पेरणी आणि कोळपणी त्याच्याच हातून होईल. पुढचं आम्ही बघू. त्याने ते शांतपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा ट्रॅक्टर चालू झालेला मी ऐकला.

दोन वर्षांचा प्रश्न आहे. मीसुद्धा गेलो होतो आणि परत आलो.

हार्म


स्पोकेन,
२० एप्रिल १९६७

हार्म,

तू जिन्यात उभा होतास हे मला दोनदा कळलं, एकदा फोनवर आणि एकदा पत्रात. पण मर्लने लिहिलंय की त्याआधी तुला आत बोलावलं होतं. त्यांनी काय विचारलं? तू काय सांगितलंस? मर्लला विचारलं तर तो लिहितो, "मामा छान बोलला." छान बोलला तर हे असं कसं झालं?

तीस दिवसांत वरच्या बोर्डाकडे दाद मागता येते असं जेराल्ड म्हणतो. मर्ल म्हणतो मागणार नाही, मामा आहे तोवर शेताची काळजी नाही, मग काय कारण देऊ. हार्म, त्याला बसवून कागद लिहून घे. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला सांग की काळजी आहे. खोटं वाटलं तरी सांग.

टेना


वेलरिज,
३ मे १९६७

प्रिय टेना,

त्यांनी नेहमीचंच विचारलं. किती एकर, किती जनावरं, यंत्रं कोणाची, सोबत कोण काम करतं. मी जे खरं होतं ते सांगितलं.

दाद मागण्याबद्दल मर्लशी बोललो. गोठ्यात उभ्या उभ्या बोललो, फार वेळ नाही. तो नको म्हणाला. एकवीस वर्षांचा माणूस आहे, त्याच्या मनगटाला धरून सही घेता येत नाही. शिवाय त्याच्या जागी मग दुसऱ्या कोणाचं पोरगं जाणार, आणि ते घरही मला माहीत असणार. बोर्डावर बसल्यावर हे सगळं फार जवळून दिसतं.

मका पेरायला सुरुवात झाली. तास खरंच दोरीत आहे. लाव्हॉन त्याला रोज दोन वेळा वाढते आणि तिसऱ्यांदा विचारते.

हार्म


वेलरिज,
२२ ऑक्टोबर १९६७

प्रिय टेना,

सोबत फोटो पाठवतोय. आपल्या साप्ताहिकाच्या माणसाने काढलाय.

काल शनिवारी मर्लचा मका काढला. मी कोणालाही बोलावलं नव्हतं. सकाळी सातला वेंडेल पॉपेन आपलं यंत्र घेऊन फाटकाशी हजर, त्याच्यामागे त्याचे दोन्ही मुलगे, त्यांच्यामागे रस्ताभर दिवेच दिवे. अकरा यंत्रं आणि सतरा गाड्या मोजल्या. काहींचा स्वतःचा मका अजून शेतात उभा आहे. दुपारी चारला शेवटचं तास संपलं आणि तुझी कणगी छपरापर्यंत भरली. बायकांनी मर्लच्या स्वयंपाकघरात जेवण केलं. तुझा निळा चहाचा संच काढला होता, एकही कप फुटला नाही. आपल्या लोकांसारखा खडीसाखर घालून, वर साय सोडून, न ढवळता तीन-तीन कप चहा सगळ्यांनी घेतला, बाहेरून आलेल्या त्या आयरिश ड्रायव्हरनेसुद्धा. त्याने ढवळला, तेव्हा सगळे गप्प झाले.

फोटोत मी डावीकडून तिसरा. मी कधी गर्व केलेला तुला आठवत नसेल, पण काल केला.

युद्धावरून मर्लचं पत्र येतं का? आम्हाला एक आलं. गरमी फार आहे म्हणतो, आणि तिथले लोक चिखलात रोपं लावतात ते बघत बसावंसं वाटतं म्हणतो.

हार्म


स्पोकेन,
२६ नोव्हेंबर १९६७

प्रिय हार्म,

तो फोटो मी स्वयंपाकघरात लावलाय. जेराल्डला प्रत्येकाचं नाव सांगितलं. त्याला विश्वास बसेना की त्यातल्या एकानेही काही मोबदला घेतला नाही. रेल्वेवाल्याला काय कळणार?

एक प्रत मर्लला पाठवली होती. त्याचं उत्तर आलंय, तुझ्यासाठी उतरून देते: "मामाला सांग, पॉपेनच्या पोरांनी फाटकाजवळच्या तासांत निम्मी कणसं तशीच सोडलेली फोटोतही दिसतायत. मी आलो की त्यांच्याकडून वेचून घेणार."

एप्रिलमध्ये मी तुझ्याबद्दल आणि त्या चौघांबद्दल फार वाईट बोलले. जेराल्डने ऐकलंय, त्याला विचार. आता वाटतं, त्या लोकांत माझा मुलगा वाढला हे त्याचं भाग्य. माझ्या वतीने चर्चमध्ये आभार मान. मोठ्याने वाच, वेंडेलला ऐकू कमी येतं.

तुझी,
टेना


स्पोकेन,
१४ मार्च १९६८

हार्म,

घरी पोचून दोन आठवडे झाले. मर्लच्या दफनाच्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही ते दुःखामुळे, असं तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल. लाव्हॉनने मला पांघरूण घातलं, तू स्टेशनवर माझी पेटी उचललीस. मी मुद्दाम काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुला सगळ्यांसमोर मारलं असतं.

चर्चच्या तळघरात जेवण चालू होतं. हॅमचे सँडविच होते. वेंडेल पॉपेन माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने म्हणाला, "टेना, तुला असा भाऊ मिळाला. बोर्डासमोर आम्ही विचारलं, पोरगा गेला तर शेत पडीक राहील का? तेव्हा हा उभा राहून म्हणाला, मी जिवंत आहे तोवर नाही. आणि बघ, शब्द पाळला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला मला बरं वाटावं असंच वाटत होतं.

मी तुला एक वाक्य दिलं होतं. तू त्याच्या बरोबर उलटं बोललास.

आणि मग वर्षभर मला लिहीत राहिलास. मी जिन्यात उभा होतो. जे खरं होतं ते सांगितलं. मी मत दिलं नाही. आणि तो फोटो! मी तुझे चर्चमध्ये आभार मानले, हार्म. ते तू स्वतः वाचून दाखवलेस का? वाचलेच असशील.

मर्लच्या शवपेटीवरचा झेंडा घडी करून माझ्या मांडीवर दिला, त्यात तीन रिकामी काडतुसं आहेत. गावच्या सात जुन्या सैनिकांनी सलामीच्या बंदुका झाडल्या, तू त्यांत होतास. यातलं एक तुझ्या बंदुकीचं असेल. मी तिन्ही हुंगून पाहिली. तिन्हींना एकच वास येतो.

मला एकच सांग. हिनरिक घरी राहिला आणि तुझी बोटं गळाली, त्याचं उट्टं तू माझ्या मुलावर काढलंस का?

आणि आता माझं ऐक. ते एकशेसाठ एकर आता माझे एकटीचे आहेत. तिथे या वर्षी कोणी काही पेरायचं नाही. तू नाही, वेंडेल नाही, अकरा यंत्रं नाहीत. नांगरायचं नाही, कापायचं नाही. चर्चच्या रस्त्यावरून जाताना सगळ्यांना दिसू दे. त्यांनी तुला विचारलं होतं ना? हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

टेना


वेलरिज,
२४ मार्च १९६८

टेना,

हो. मी तसं बोललो. आणि मी तुझ्यापासून ते लपवलं.

कसं झालं ते सांगतो. हे माफीसाठी नाही, तुला कळायला हवं म्हणून सांगतो. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, हीटर इतका तापलेला की सगळ्यांनी कोट काढले होते. मर्ल चर्चचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. त्यांनी एकर विचारले, जनावरं विचारली. मी तुझं वाक्य पाठ केलं होतं. गाडीत येताना दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. मग वेंडेल म्हणाला, "हार्म, सरळ विचारतो. पोरगा गेला तर शेत पडीक राहील का?"

समोर चौघे होते. वेंडेलचा मणका मोडला त्या वर्षी त्याचा मका मी काढलाय. दुसऱ्याचा गोठा जळाला तेव्हा त्याच्या गाई चार महिने आपल्याकडे होत्या. तिसऱ्याच्या बापाला पुरायला मी खड्डा खणलाय, जमीन गोठलेली होती. या चौघांच्या तोंडावर "हो, पडीक राहील" म्हणायचं म्हणजे तुम्ही येणार नाही असं म्हणायचं. आणि मीही येणार नाही असं म्हणायचं. मर्ल माझ्याकडे बघत होता. ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात, टेना. मी म्हणालो, "मी जिवंत आहे तोवर नाही." वेंडेल म्हणाला, "मी आहे तोवरही नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. मर्ल हसला. त्या खोलीत तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. मलाही वाटलं. मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि हात वर केले. ज्याच्यावाचून शेत अडत नाही त्याला सवलत नाही, असा नियम आहे. तो नियम मी इतर पोरांना सात वर्षं वाचून दाखवत आलोय. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर मला कळलं की मी काय केलं.

तेव्हा परत वर जाता आलं असतं. दार तिथेच होतं. मी जिन्यात उभा राहिलो.

घरी येताना गाडीत मर्ल म्हणाला, "मामा, छान बोललास." थोडं पुढे आल्यावर म्हणाला, "खरंच पेराल ना?" मी हो म्हणालो. दाद मागायचा कागद मी आणला होता, तो माझ्या खिशात होता. गोठ्यात मी तो बाहेर काढला नाही. काढला असता तर त्याच्यासमोर म्हणावं लागलं असतं की मी तेव्हा खोटं बोललो, किंवा आता खोटं बोलतोय.

हिनरिकचं विचारलंस. पंचेचाळीसच्या ऑक्टोबरमध्ये मी काठी टेकत घरी आलो, तेव्हा आपल्या बाबांची कणगी भरलेली होती. ती हिनरिकने भरली होती. स्वतःचं सगळं करून, मी नसताना सलग तीन वर्षं. त्याच्या अंगावर ती पिसं पडली होती आणि तो आपल्या गाई पिळत होता. एक माणूस घरी राहतो त्याची किंमत माझ्याएवढी दुसऱ्या कोणाला कळणार? तरी बेल्जियममध्ये बर्फात पडलो होतो तेव्हा मी त्याला रोज शिव्या दिल्या. मी गावात असतो तर एखादं पीस मीही टाकलं असतं. चार एप्रिलला हे माझ्या मनात होतं का? मी खूप शोधलं. नव्हतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नाही.

बोर्डाचा राजीनामा दिलाय. त्यांनी केक कापून निरोप दिला.

शेत तू म्हणतेस तसं राहील.

हार्म


वेलरिज,
९ जून १९६८

टेना,

एप्रिलमध्ये एक आणि मेमध्ये एक पत्र टाकलं होतं. परत आली नाहीत, म्हणजे पोचली असावीत. उत्तराची मी वाट बघत नाही, पण काय झालं ते तुला कळायला हवं.

अकरा मेला, शनिवारी, ते आले. मला अंदाज होताच, म्हणून मी सहापासून तुझ्या फाटकाशी गाडी आडवी लावून उभा होतो. आठ ट्रॅक्टर, पेरायची यंत्रं मागे लावलेली. सर्वांत पुढे वेंडेल. तो खाली उतरला आणि म्हणाला, "बाजूला घे की गाडी, ऊन चढायच्या आत आटपू."

मी म्हणालो, "पेरायचं नाही."

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने कानामागे हात धरला. मी ओरडून सांगितलं, "वेंडेल, हे शेत पडीक राहणार!"

"बियाणं आमचं आहे. तुला काय लागणार आहे?"

"काही नाही. परत जा."

"अरे, कोणासाठी करतोय आम्ही हे? त्या पोरासाठी ना?"

"तू मला विचारलं होतंस," मी म्हणालो. "शेत पडीक राहील का, म्हणून. मी चुकीचं सांगितलं. हो, राहील. लिहून घे."

मग त्याला समजलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही, कारण तो वाईट माणूस नाही आणि तू त्याला ओळखतेस. तो ट्रॅक्टरवर चढू शकेना, मुलाने हात दिला. आठही जण अरुंद रस्त्यावर कसेबसे वळले आणि गेले. या भागात मदतीला आलेल्या माणसाला फाटकातून परत पाठवलेलं मी कधी पाहिलं नाही आणि त्यांनीही नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी येत नाही. चर्चमध्ये आमचा बाक आम्हालाच पुरतो. धाकटी म्हणते शाळेच्या बसमध्ये तिला विचारतात की तुझा बाप येडा झाला का. लाव्हॉन पहिल्या आठवड्यात म्हणाली, टेना रागात बोलली, तू काय ते खरं धरून बसलास, हिनरिकची जमीन आहे ती. मर्लच्या खोलीतली चादर मात्र ती दर सोमवारी धुते.

तीस मेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, स्मशानात सलामीच्या बंदुका झाडायच्या असतात. मी गेलो नाही. सहाच जणांनी झाडल्या. मी तुझ्या फाटकापाशी उभा होतो, तिथूनही ऐकू येतं.

शेताबद्दल. काटेरी तण कमरेएवढं झालंय, जांभळं फुलायला लागलंय. टेकडीवर तर माणूस दिसणार नाही इतकं. गेल्या वर्षीच्या सांडलेल्या मक्याची रोपं मधेमधे आपोआप आली आहेत. फाटकाजवळच्या तासांत जास्त आहेत, मर्ल म्हणाला होता तिथे. ती अजून सरळ रेषेत आहेत.

काउंटीच्या तण-निरीक्षकाची नोटीस आलीय. फुलं बी धरण्याआधी, म्हणजे एक जुलैच्या आत कापलं नाही तर ते स्वतः माणसं पाठवून कापतील. बी उडालं की सगळ्यांच्या शेतात जाईल, माझ्यासुद्धा. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना काय सांगू, तेवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी पुरे.

मी रोज सकाळी तिथे जातो. चाळीस वर्षं शेती केली, पण एवढं मोठं शेत नुसतं उभं राहून बघणं मला कधी जमेल असं वाटलं नव्हतं. ते मला बघवत नाही. पण मी बघतो.

हार्म


स्पोकेन,
२० जून १९६८

हार्म,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. आधीची दोन मी फोडली नव्हती. काल हे वाचल्यावर तीही फोडली.

मार्चमध्ये मी ते लिहिलं तेव्हा मला खात्री होती की तू ऐकणार नाहीस. पेरशील. मे महिना आला की तुझ्याने राहवणार नाही, लाव्हॉन सांगेल, वेंडेल सांगेल, आणि तू पेरशील आणि मला एक शहाणपणाचं पत्र लिहिशील. मग मला मरेपर्यंत तुझा राग धरता आला असता. मी त्याच्याच भरवशावर होते.

ती मक्याची रोपं सरळ रेषेत आहेत हे तू लिहायला नको होतंस. जेराल्ड कामावरून आला तर मी जमिनीवर बसलेले होते.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारू नकोस.

मी शुक्रवारी अठ्ठावीस तारखेच्या गाडीने येतेय. एकटी. स्टेशनवर तू ये, लाव्हॉनला पाठवू नकोस. निरीक्षकाला सांग, मालकीण येतेय, तोवर एक काडी कापायची नाही. स्टेशनवरून घरी नको. चहा नंतर. आधी मला टेकडीवर ने आणि मी बघून होईपर्यंत तू माझ्या शेजारी उभा राहा.

मग विळे दोन आण. यंत्र नको, आणि वेंडेलला बोलवायचं नाही. एकशेसाठ एकर दोघांच्याने होणार नाही हे मलाही कळतं. होईल तेवढं करू, बाकीचं निरीक्षकाच्या माणसांना कापू दे. पण फाटकाजवळच्या तासांपासून सुरुवात करायची, आणि मका आहे तिथे तण हाताने उपटायचं. त्यातलं एकही रोप तुटता कामा नये.

टेना